वार्धक्यातील विस्मरण : केवळ दैवाचा खेळ नव्हे

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, घरातील वृद्ध व्यक्ती ओळखीची नावे विसरू लागली, हिशेबात चुकू लागली किंवा चालताना अडखळू लागली, तरी त्यात डॉक्टरांना विचारण्यासारखे काही आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वयोमानाप्रमाणे हे चालायचेच, अशी समजूत घालून घेतली जाते. या समजुतीत सहानुभूती असेलही. परंतु तिच्यामुळे बऱ्याच अंशी टाळता येण्याजोग्या हानीकडे दुर्लक्ष होते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मेंदूत स्थूलमानाने दोन प्रकारची द्रव्ये असतात. ज्यात मज्जापेशींची शरीरे असतात ते करडे द्रव्य आणि त्या पेशींना परस्परांशी जोडणारे तंतू ज्यात असतात ते श्वेतद्रव्य. या तंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्यामुळेच हा भाग पांढरा दिसतो आणि त्यामुळेच संदेशांचे वहन वेगाने होते. या खोलवरच्या तंतूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्या अतिशय बारीक असतात. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड व कडक होतात, पोकळी अरुंद होते आणि पुरेशा रक्तावाचून तंतूंचे आवरण झिजू लागते. एमआरआयच्या चित्रात या झिजेच्या जागा पांढऱ्या डागांसारख्या उमटतात.

हे ज्ञान काही आजचे नव्हे. श्वेतद्रव्याच्या अशा ऱ्हासाचे वर्णन ऑटो बिन्सवांगर यांनी 1894 मध्येच केले होते. आलोइस अल्झायमर यांनी आपल्या प्रसिद्ध रुग्णेची हकिकत मांडली ती त्यानंतर, 1906 मध्ये. तथापि पुढे 'स्मृतिभ्रंश म्हणजे अल्झायमर' हे समीकरण लोकांच्या मनात दृढ झाले आणि रक्तवाहिन्यांची बाजू मागे पडली. वस्तुतः वृद्धांच्या मेंदूत हे दोन्ही विकार पुष्कळदा एकत्र नांदतात. केवळ श्वेतद्रव्य झिजले असेल, तर आठवण अनेकदा पुसलेली नसते. ती शोधून काढण्यास विलंब लागतो आणि एखादा धागा सुचवला की ती परत येते. ग्रंथालयातील पुस्तक जागेवरच आहे, पण सूचिपत्र फाटले आहे, अशी ही अवस्था होय.

मग या झिजेला आवर घालता येतो काय? अमेरिकेत 'स्प्रिंट' नावाच्या चाचणीत उच्च रक्तदाबाच्या 9,361 व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटाचा वरचा रक्तदाब 140 च्या खाली, तर दुसऱ्याचा 120 च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटात बौद्धिक क्षमतेचा सौम्य ऱ्हास कमी आढळला आणि श्वेतद्रव्यातील डागांची वाढही मंदावली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मात्र फरक निर्णायक ठरला नाही. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे, आणि झालेली हानी भरून येते असाही याचा अर्थ नव्हे. ती वाढू न देणे एवढेच, परंतु मोलाचे, आश्वासन यात आहे.

भारतात साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळजवळ 88 लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आहे. तेव्हा हा सुखवस्तू शहरी वर्गाचा आजार आहे, हा समजही टिकत नाही.

'क्षयरोग आणि कुपोषण हटलेले नसताना वृद्धांच्या विस्मरणावर पैसा कोठून खर्च करावा?' हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक बाजू हिशेबाबाहेर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगाला स्मृतिभ्रंशाची झळ 1.3 लाख कोटी डॉलरची बसली आणि त्यातील सुमारे निम्मा वाटा घरच्या माणसांनी विनावेतन केलेल्या शुश्रूषेचा होता. ही शुश्रूषा बहुतांशी स्त्रियाच करतात. नोकरी सोडून सासूला सांभाळणारी सून राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात कोठेही दिसत नाही. म्हणून तो खर्च नाहीच, असे मानणे ही आत्मवंचना होय. पैसा आजही खर्च होतोच आहे. तो कोणाच्या पदरातून जातो, एवढाच प्रश्न आहे.

यंत्रसामग्रीच्या घसाऱ्याची तरतूद ती नवी असल्यापासून करावी लागते, हे वाणिज्याचा विद्यार्थीही जाणतो. मेंदूची झीजही साठीत नव्हे, तर चाळिशी-पन्नाशीत सुरू होते. त्यासाठी प्रत्येक गावात एमआरआयचे यंत्र नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब नियमित मोजला जावा, स्वस्त गोळ्यांचा साठा खंडित होऊ नये आणि औषध मध्येच सोडणाऱ्यांचा पाठपुरावा व्हावा, एवढे पुरे. 2017 पासून राबवल्या गेलेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने ही वाट दाखवली आहे. पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्रही होता. तो प्रत्येक केंद्रात अखंड चालतो की नाही, हे जिल्हा परिषदांनी तपासले पाहिजे. आणि शाळांनी व कचेऱ्यांनी चाळिशी ओलांडलेल्या आपल्या सेवकांचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजण्यास कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.