कार्ड तुमचं, हुद्दा कोणाचा?

आपल्याकडे ओळख झाली की दुसऱ्या मिनिटाला एक प्रश्न येतोच. ‘हल्ली कुठे असतोस?’ लग्नाच्या पंगतीत येतो, ट्रेकच्या बसमध्ये येतो, लिफ्टमध्ये तिसऱ्या आणि सातव्या मजल्याच्या मधेही येतो. विचारणाऱ्याला घराचा पत्ता नको असतो, कंपनीचं नाव हवं असतं. मग आपणही ऐटीत खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढतो. वर कंपनीचा लोगो, मधे आपलं नाव, त्याखाली ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ का काय ते. काम फत्ते!

पण हे कार्ड आपलं असतं का हो? लोगो त्यांचा, रंग त्यांचा, फॉण्ट त्यांचा. हुद्दा तर एचआरने दिलेला. त्यात आपलं असतं ते फक्त नाव, आणि तेही इंग्रजीत. नोकरी सुटली की ड्रॉवरमधली उरलेली सगळी कार्डं एका दिवसात रद्दी.

म्हणून या आठवड्याचा आपला फंडा एकदम साधा आहे. स्वतःचं कार्ड स्वतः करा. लॅपटॉप आहे, फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, प्रिंटर घरी नसला तर कोपऱ्यावर आहे. वीकेण्डला फोटोग्राफी करणारे, रात्री अनुवाद करणारे, रविवारी केक विकणारे, नोकरी सोडायच्या बेतात असलेले, असे सगळे या रांगेत येतात. (जोडधंदा करणाऱ्यांनी नोकरीच्या करारात काय लिहिलंय ते आधी वाचा बरं का!)

आधी शब्द, मग माउस

सॉफ्टवेअर उघडलं की आपण पहिल्यांदा रंगांशी खेळायला लागतो. मोह आवरा. आधी एक कागद घ्या आणि कार्डावर काय लिहायचं ते पेनाने लिहा. नाव लिहाल, नंबर लिहाल, आणि नावाखालच्या ओळीवर पेन थांबेल. ती ओळ आजवर कंपनी भरत होती.

माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. हिंजवडीच्या एका कंपनीत ती नऊ वर्षं होती. मग कंपनीने ‘फेररचना’ केली आणि तिचा अख्खा विभागच त्यात गेला. दोन महिने घरी बसून नोकऱ्या शोधल्या, मग म्हणाली, आपणच काहीतरी करू. तिला येत होतं ते काम पक्कं होतं. माल परदेशी पाठवायचा तर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, मालाच्या मूळ देशाचा दाखला अशी कागदपत्रांची जी जंत्री लागते ती बिनचूक तयार करणं. भोसरी आणि चाकणच्या छोट्या कारखानदारांना हे काम डोक्याला ताप वाटतं. म्हणजे गिऱ्हाईकही समोर होतं. फक्त नावाखाली काय लिहायचं ते ठरेना.

पहिल्या दिवशी तिने लिहिलं, ‘फाउंडर अँड सीईओ’. मी विचारलं, कंपनीत माणसं किती? ती म्हणाली, मी आणि डायनिंग टेबल. ते खोडलं. मग ‘एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन कन्सल्टंट’ आलं. वाचायला भारी, पण हे वाचून लेथवर काम करणाऱ्या मालकाला काय कळणार? शेवटी तिने एक साधी ओळ लिहिली. ‘निर्यातीची कागदपत्रं करून देते.’ लिहिली आणि लगेच म्हणाली, ‘हे फारच साधं वाटतंय गं. लोक हसतील.’

मला वाटतं, आपलं कार्ड आपण करण्यातली खरी गोम इथे आहे. कंपनीचं कार्ड ‘कुठे असता’ याचं उत्तर देतं. स्वतःच्या कार्डाला ‘काय करता’ याचं उत्तर द्यावं लागतं, आणि मागे लपायला लोगो नसतो. थोडी भीती वाटणारच.

साडेतीन बाय दोनचं अंगण

शब्द ठरले? आता बसा लॅपटॉपसमोर. आपल्याकडे सर्रास चालतं ते कार्ड साडेतीन इंच बाय दोन इंचाचं. मिलिमीटरमध्ये जेमतेम ८९ बाय ५१. तुमचं डेबिट कार्ड साधारण ८६ बाय ५४ असतं, म्हणजे पाकिटातल्या त्याच कप्प्यात हेही बसतं. या मापापेक्षा मोठं, गोल किंवा आंब्याच्या आकाराचं कार्ड भन्नाट दिसतं, पण पाकिटात मावत नाही.

सॉफ्टवेअर कुठलं? तुमच्या सवयीचं. एकदम नवखे असाल तर कॅन्व्हा. २०१३ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं हे ब्राउझरमध्येच चालतं आणि तयार नमुने ढीगभर देतं. फक्त तो पानाफुलांचा नमुना अजून हजार जणांनी उचललेला असणार, हे लक्षात ठेवा. इंटरनेट नको असेल तर लिबरऑफिस घ्या. त्यात नवीन फाइलच्या यादीतच ‘बिझनेस कार्ड्स’ हा पर्याय आहे. एका कार्डात बदल केला की पानावरच्या सगळ्या कार्डांत तो करायची सोय त्यात आहे. थोडी हौस आणि थोडा वेळ असेल तर इंकस्केप किंवा स्क्राइबस शिका. दोन्ही फुकट आणि दोन्ही अस्सल कामाची. प्रेसवाल्यांचं लाडकं सॉफ्टवेअर मात्र कोरलड्रॉ. ते विकत घ्यावं लागतं, पण एका कार्डासाठी त्याची गरज नाही.

आता तीन गोष्टी, ज्या डीटीपीवाल्या काकांना माहीत असतात आणि आपल्याला नसतात.

पहिली, ब्लीड. कार्डाला रंगीत पार्श्वभूमी दिली असेल तर तो रंग कार्डाच्या कडेबाहेर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जाऊ द्या. कापताना पातं केसभर सरकतंच. बाहेर रंग नसेल तर कडेला पांढरी रेघ दिसते. आणि आतल्या बाजूलाही ३ मिलिमीटर मोकळे सोडा, त्यात अक्षर नको. नाहीतर नंबरातला शेवटचा आकडा कात्रीला जायचा.

दुसरी, रंग. स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग दाखवते. छपाई निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शायांतून होते, त्याला सीएमवायके म्हणतात. त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर मळकट किंवा जांभळट येतो. स्क्राइबस छपाईसाठी थेट सीएमवायके पीडीएफ देतं. ते नको असेल तर निदान निऑन रंगांच्या प्रेमात पडू नका. आणि बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शायांनी मिळून केलेला काळा जरा जरी हलला तरी अक्षराला रंगीत सावली पडते.

तिसरी, बारकावा. फोटो किंवा लोगो चित्ररूपात टाकणार असाल तर इंचाला ३०० ठिपके हवेत. म्हणजे पूर्ण कार्डाचं चित्र निदान १०५० बाय ६०० पिक्सेलचं. व्हॉट्सअॅपवरून आलेला लोगो ताणून बसवलात तर तो तसाच दिसेल, ताणलेला.

मराठी नाव, मराठी वळण

मैत्रिणीचं गिऱ्हाईक मराठी, त्यामुळे कार्ड एका बाजूने मराठी आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजी असं ठरलं. आता देवनागरी म्हटली की गंमत सुरू होते. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये भाषेची सेटिंग नीट केली नाही तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. परीक्षा घ्यायची तर ‘कऱ्हाड’, ‘निर्यात’ आणि ‘शक्ती’ हे तीन शब्द टाइप करून बघा. तिन्ही नीट आले तर पुढे जा.

फॉण्टसाठी आता तंगी नाही. मुक्ता, बलू, हिंद हे सगळे युनिकोड आहेत आणि फुकट मिळतात. तिरो देवनागरी मराठी तर खास मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’साठीच केलेला आहे. एका कार्डावर दोनपेक्षा जास्त फॉण्ट नकोत. आणि देवनागरी इंग्रजीपेक्षा एखादा पॉइंट मोठी ठेवा, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा लागते. इंग्रजी सातला वाचता येतं, मराठी सातला डोळे ताणावे लागतात.

प्रेसमध्ये फाइल नेताना अक्षरांचे ‘कर्व्ह’ करून न्या, म्हणजे अक्षरांचं रूपांतर आकृतीत करा आणि पीडीएफ द्या. तिथल्या मशीनवर तुमचा फॉण्ट असेलच असं नाही. बऱ्याच प्रेसमध्ये अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टवर काम चालतं. कर्व्ह न करता गेलात तर तुमच्या आडनावाचे चौकोन होऊन हातात येतील.

काय गाळायचं?

फॅक्स नंबर गेलाच. घरून काम करत असाल तर घराचा पूर्ण पत्ताही गाळा. ‘कोथरूड, पुणे’ पुरे. मुलींनी तर हे पाळाच. ई-मेल स्वतःच्या नावाचा हवा, कॉलेजात काढलेला ‘कूलड्यूड’ आता निवृत्त करा. मोबाइल नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहा, फोन लावणाऱ्याला सोपं जातं.

क्यूआर कोड हवा? जरूर टाका. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला तो बनवला होता, आज चहाच्या टपरीवरही आहे. पण त्यात सगळी कुंडली भरू नका. मजकूर वाढला की ठिपके दाट होतात आणि फोनला वाचता येत नाहीत. एक लिंक किंवा एक नंबर बास. निदान दोन सेंटिमीटरचा, गडद रंगात, भोवती पांढरी चौकट सोडून. आणि कोड थेट तुमच्या पत्त्यावर जाणारा हवा. मधे एखाद्या फुकट्या वेबसाइटचा थांबा असला आणि उद्या ती बंद पडली, तर कार्डावर फक्त नक्षी उरते.

दहाच छापा

एका ए-फोर कागदावर साडेतीन बाय दोनची दहा कार्डं बसतात. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत पाच. प्रेसवाला म्हणेल, हजार घ्या, स्वस्त पडतील. ऑफसेटवर ते खरंही आहे. पण आत्ता दहाच छापा. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ बंद करून शंभर टक्के माप ठेवा, नाहीतर कार्ड गुपचूप लहान होतं. घरच्या प्रिंटरला किती जाड कागद चालतो ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरू शकते, आपल्या पावसाळ्यात हे विसरू नका. जास्त टिकाऊ हवं असेल तर पीडीएफ घेऊन डिजिटल प्रिंटच्या दुकानात जा आणि ३०० जीएसएमचा कागद मागा. कापायला कात्री नको. स्टीलची पट्टी आणि धारदार कटर.

मैत्रिणीने काय केलं, तर दोन प्रकारची दहा-दहा कार्डं काढली. दहांवर ‘कन्सल्टंट’, दहांवर ती साधी ओळ. आठवडाभर भोसरीच्या शेडमधून फिरली. ‘कन्सल्टंट’वालं कार्ड लोकांनी बघून टेबलाच्या काचेखाली सरकवलं. दुसरं कार्ड एका मालकाने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे ते इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट वगैरे ना? आमचा एक कण्टेनर अडकलाय. उद्या येता का?’

हे दहा कार्डांतच कळलं. हजार छापली असती तर तिने वर्षभर कन्सल्टंटच राहून बघितलं असतं. कंपनीने दिलेला हुद्दा आपण बदलू शकत नाही, आपण लिहिलेली ओळ रात्रीत बदलता येते. फाइल उघडा, ओळ सुधारा, सेव्ह करा, पुन्हा दहा काढा. सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा फायदा मला तरी हाच वाटतो.

तिच्या आईने त्या मराठी कार्डातली पाच मागून घेतली. सोसायटीत निर्यात कोणी करत नाही, तरी.

शेवटची चाळण

हजार कार्डांची ऑर्डर देण्याआधी एवढं करा. साध्या कागदावर एक प्रिंट काढून कापा आणि हात लांब करून वाचा. मग चाळिशी ओलांडलेल्या कोणाला तरी चष्म्याशिवाय वाचायला द्या. छापलेल्या नंबरावर स्वतः फोन लावा, छापलेल्या पत्त्यावर मेल पाठवा, कोड दुसऱ्याच्या फोनवर स्कॅन करा. लॅमिनेशन करणार असाल तर ते पुढच्याच बाजूला करा, मागे कोरा कागद राहू द्या. समोरच्याला त्यावर पेनाने दोन शब्द लिहिता आले पाहिजेत. भेटीची वेळ, सांगितलेला भाव, काहीही. ज्या कार्डावर कोणी काहीतरी लिहून ठेवलंय, ते सहसा फेकलं जात नाही.