विश्लेषण : व्यवसाय एकट्याचा, नंबर वेगळा… इंटरनेटवरचा फोन कायदेशीरपणे कसा घ्यायचा?

लातूरच्या शिकवणी परिसरात घरून डबे पुरवणारी महिला असो की नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनासाठी आलेल्या भाविकांना गाडी देणारा चालक, ज्या क्रमांकावर बँकेचा ओटीपी येतो तोच क्रमांक फलकावर आणि व्हिजिटिंग कार्डावरही छापलेला असतो. प्रवेशाच्या हंगामात त्यावर रात्री अकरालाही अनोळखी फोन येतात. महिलांच्या बाबतीत हा त्रास तेवढ्यावर थांबत नाही. त्यामुळे ‘इंटरनेटवर चालणारा वेगळा नंबर’ शोधणाऱ्यांची पहिली गाठ पडते ती मोफत परदेशी क्रमांक देणाऱ्या ॲपशी, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

इंटरनेट टेलिफोनी म्हणजे नेमके काय?

साध्या मोबाइलमध्ये क्रमांक सिमला बांधलेला असतो. इंटरनेट टेलिफोनीत तो कंपनीच्या सर्व्हरवरील खात्याला जोडलेला असतो आणि आवाज डेटाच्या स्वरूपात जातो. त्यामुळे तोच क्रमांक मोबाइलवरच्या ॲपमध्ये किंवा टेबलावरच्या फोनवर वाजू शकतो. व्हॉट्सॲप कॉल वेगळा. तो ॲपकडून ॲपकडेच जातो. इंटरनेटवरून निघालेला कॉल साध्या दहा अंकी क्रमांकावर वाजवायचा, तर त्याला दूरसंचार परवाना लागतो.

भारतात ही वाट बराच काळ अरुंद होती. स्काइपने नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतातून भारतातल्याच मोबाइल आणि लँडलाइनवर कॉल करण्याची सोय बंद केली (मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झाले). ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘ट्राय’ने शिफारशी केल्या, तर जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलल्या. परवानाधारक कंपनीला कोणत्याही इंटरनेट जोडणीवरून ही सेवा देण्याची मुभा मिळाली. पाठोपाठ बीएसएनएलने ‘विंग्ज’ आणली. सिम नाही, तार नाही, वर्षाला कर वगळून १,०९९ रुपये, असे तिचे सुरुवातीचे स्वरूप होते.

परदेशी क्रमांक का नको?

ग्राहकाला पडद्यावर +१ किंवा +४४ दिसते आणि तो फोन उचलत नाही. हे स्वाभाविकच आहे. परदेशातून भारतीय क्रमांकाचा मुखवटा लावून येणारे कॉल अडवणारी सरकारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. अशा वातावरणात परदेशी क्रमांकावरून ‘डबा तयार आहे’ सांगणारा फोन कोण घेणार? शिवाय मोफत क्रमांक काही दिवस वापरला नाही तर ॲप तो काढून घेऊन दुसऱ्याला देऊ शकते. त्यावर काढलेल्या खात्यांचे ओटीपी मग त्या दुसऱ्याकडे जातात.

याहून गंभीर प्रकार लातूरने पाहिला आहे. जून २०१७ मध्ये एटीएस आणि लातूर पोलिसांनी जिल्ह्यात बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज उघडकीस आणून दोघांना अटक केली. परदेशातून इंटरनेटवरून आलेले कॉल यंत्रातल्या सिम कार्डांमार्फत स्थानिक कॉल म्हणून पुढे पाठवायचे, अशी या धंद्याची पद्धत असते. सरकारचा महसूल बुडतो आणि फोन कुणी केला तेही कळत नाही. ‘घरात एक डबी ठेवा, सिम तुमच्या नावावर घ्या, महिन्याला भाडे देतो’ अशी ऑफर आली तर ती याच वाटेची समजावी. दूरसंचार कायदा २०२३ नुसार परवान्याविना सेवा देण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग परवडणारा मार्ग कोणता?

बहुतेकांच्या घरात तो आधीच आलेला असतो. फायबर इंटरनेटसोबत मिळणारा लँडलाइन क्रमांक ही इंटरनेट टेलिफोनीच आहे, फक्त कुणी तिला त्या नावाने ओळखत नाही. नांदेडचा ०२४६२ किंवा लातूरचा ०२३८२ हा कोड पाहून ग्राहकालाही माणूस गावातला आहे हे कळते. जिओच्या जोडणीतला असा क्रमांक कंपनीच्या ॲपमधून मोबाइलवर वापरता येतो. अडचण एकच, पण मराठवाड्यात ती मोठी आहे. वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद. राउटरपुरता छोटा यूपीएस हा खर्च त्यात धरलाच पाहिजे.

‘क्लाउड टेलिफोनी’ कंपन्यांचे क्रमांक मासिक शुल्कावर मिळतात. ‘प्रवेशासाठी एक दाबा’ ही सोय, कॉलची नोंद, सुटलेल्या कॉलची यादी हे सारे शिकवणी वर्गाला उपयोगी आहे. एकट्या आरओ दुरुस्ती करणाऱ्याला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच्यासाठी दुसरे सिम किंवा ई-सिम पुरेसे आहे. एका व्यक्तीच्या नावावर नऊ सिमची मर्यादा आहे. आपल्या नावावर किती क्रमांक आहेत, ते ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसते.

व्यवसायाच्या नावाने क्रमांक घ्यायचा तर पॅन, आधार आणि उद्यम नोंदणी हाताशी असावी. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देण्याचे कारण नाही. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्यास सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. काही कंपन्या तरीही ती मागतात, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

क्रमांक मिळाला, आता कुणालाही फोन करता येईल?

नाही. पालकांच्या क्रमांकांची यादी मिळवून साध्या क्रमांकावरून जाहिरातीचे फोन लावणे लातूरला नवे नाही. ‘ट्राय’च्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारीही कारवाईला पुरतात. पहिल्या वेळी त्या व्यक्तीच्या सर्व क्रमांकांवरून जाणारे कॉल १५ दिवस बंद, पुन्हा घडल्यास सगळ्या कंपन्यांकडील जोडण्या वर्षभरासाठी बंद. ‘सगळ्या’ म्हणजे घरचा क्रमांकही त्यात आला.

व्हॉट्सॲप बिझनेसचे काय?

लँडलाइनवर येणाऱ्या कॉलमधून कोड ऐकून ते सुरू करता येते. मात्र २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपला खाते सक्रिय सिमशी सतत जोडलेले ठेवण्याचा आदेश देऊन ९० दिवसांची मुदत दिली. सिमच नसलेल्या क्रमांकासाठी हा मुद्दा कळीचा ठरतो. ज्यांच्या ऑर्डरी मुख्यतः व्हॉट्सॲपवरच येतात, त्यांनी त्या खात्यासाठी सिमचा क्रमांक ठेवणे अधिक सुरक्षित. फलक रंगवायला देण्याआधी नवा क्रमांक दोन-तीन आठवडे वापरून पाहावा. जुना, बँकेशी जोडलेला क्रमांकही रिचार्ज करून चालू ठेवावा, कारण सलग ९० दिवस वापर आणि शिल्लक दोन्ही नसेल तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो.