‘मानसशास्त्र घेऊन काय करशीन?’

बारावीचा निकाल लागला की घाटावरचे चिखली-मेहकर असो की घाटाखालचे मलकापूर-नांदुरा, महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीसमोर हा प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलगी विषयांच्या यादीत मानसशास्त्रावर खूण करते आणि सोबत आलेला भाऊ किंवा काका विचारतो, “हे घेऊन काय करशीन?” पदवी हाती पडली की तोच प्रश्न सोयरीक जुळवताना पुन्हा उभा राहतो. प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. ज्या घरात सोयाबीन विकून फी भरली जाते, त्या घराला हिशेब मागायचा पूर्ण हक्क आहे. गैर आहे ते विचारणाऱ्याने मनात आधीच ठरवून टाकलेले उत्तर: काही नाही.

या उत्तराचे खंडन करायला मी बसलो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: बुलढाणा जिल्ह्यात मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला काम उदंड आहे. त्या कामाच्या मानाने पदे फार थोडी आहेत, आणि त्या पदांपर्यंत जाणारी वाट मुलांना कोणी नीट दाखवत नाही. यात विषयाचा दोष कुठेच नाही. दोष आपल्या सरकारचा, आपल्या संस्थांचा आणि आपला आहे. विरुद्ध बाजूने जे जे बोलले जाते, ते एकेक घेऊन पाहू.

पहिला आक्षेप: ही शहरातली दुखणी आहेत, आपल्याकडे मनाच्या डॉक्टरकडे जातो कोण?

ज्यांना असे वाटते त्यांनी पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीच्या दर्ग्याला एकदा जाऊन यावे. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, परराज्यांतूनही माणसे लोटतात. हिंदू येतात, मुसलमान येतात. त्यांतले कितीतरी जण घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन आलेले असतात. कोणाचा तरणाताठा मुलगा स्वतःशीच बोलतो, कोणाच्या सुनेची झोप उडाली आहे, कोणाची लेक बाळंतपणानंतर बाळाकडे बघायला तयार नाही. ‘बाहेरचं झालंय’ एवढेच निदान झालेले असते. काही यात्रेपुरते येतात, काही महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात. दुखणे नसते तर ही माणसे घरदार सोडून इथे का राहिली असती?

म्हणजे गरज आहे आणि ती डोळ्यांना दिसते. ती दवाखान्याच्या दारापर्यंत पोचत नाही, कारण दवाखाना दूर आहे. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. बुलढाण्याच्या माणसाला त्यांतले एकही जवळ नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले. त्यांतली कितीतरी माणसे अशाच गावांत राहतात.

श्रद्धेची टिंगल करून ती दवाखान्यात येणार नाहीत, हेही तितकेच खरे. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम चालला. मुजावरांनाच आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले आणि दुआ मागायला आलेल्यांना तिथल्या तिथे औषधही मिळू लागले. याच्या उलट टोकाला तमिळनाडूतले एरवाडी. 6 ऑगस्ट 2001 रोजी तिथल्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले पंचविसांहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. त्यानंतर आलेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली. पण कायद्याचा कागद सैलानीच्या झोपडीत आपोआप पोचत नाही. नातेवाइकांशेजारी बसून आजाराची हकीकत ऐकणारा, जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवणारा आणि पुढच्या महिन्यात गोळ्या चालू आहेत का हे विचारणारा माणूस लागतो. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळला पालवे दांपत्याने ‘सेवासंकल्प प्रतिष्ठान’ उभे करून रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्णांना आसरा दिला. दोन माणसे एवढे करतात, तर विद्यापीठातून दरवर्षी बाहेर पडणारी मानसशास्त्राची मुले-मुली या कामाजवळ का दिसत नाहीत, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

दुसरा आक्षेप: शेतकऱ्याला भाव हवा, त्याला समुपदेशन काय कामाचे?

या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी आधीच मान्य करतो. सोयाबीनला आणि कपाशीला भाव नाही, सिंचन अपुरे आहे, सावकार दारात आहे. अशा माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणे हा त्याचा अपमान आहे. समुपदेशन हा भावाचा पर्याय म्हणून कोणी विकत असेल, तर त्याला मीही विरोध करीन. पण दोन्ही एकाच वेळी का नकोत? सारख्याच कर्जाखाली दबलेल्या दोघांपैकी एक तगतो आणि एक खचतो. खचणाऱ्याच्या मागे पुष्कळदा नैराश्य असते, दारू असते, तुटलेला संवाद असतो. या गोष्टींवर उपचार होतात.

याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक आणि गरजेपुरते मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची रचना होती. 2017 साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले होते. माती तीच, पीक तेच, माणसेही आपलीच.

राज्य सरकारने 2015 पासून आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यात बुलढाणाही आला. कल्पना चांगली आहे. पण आपल्या यंत्रणेचा कल पाहा. शेतकरी गेल्यावर त्याचे प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवायला समिती बसते, कागद तपासते, पात्र ठरले तर वारसांना 1 लाख रुपये देते. तो जिवंत असताना त्याच्याशी बोलायला मात्र पूर्णवेळ, कायम नोकरीतला माणूस सहसा नसतो.

तिसरा आक्षेप: धीर तर कोणीही देतो; त्याला पदवी कशाला?

फवारणीचे औषध प्यालेला माणूस वाचतो आणि शुद्धीवर येतो. खाटेभोवती भाऊबंद जमतात. सगळे मायेनेच बोलतात: “अरे, लेकराबाळांचा तरी इचार करायचा.” ऐकणारा भिंतीकडे तोंड करतो. आधीच अपराधी वाटणाऱ्या माणसावर आणखी एक अपराध लादला जातो.

आता शिकलेला माणूस काय करतो ते पाहा. तो नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवतो, स्टूल ओढतो आणि विचारतो: झोप कधीपासून उडाली? जेवण जाते का? तो विचार अजून येतो का? दिवसातून किती वेळा? आत्महत्येबद्दल उघड विचारले तर तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. मग तो बायकोशी बोलतो: फवारणीचे औषध काही दिवस घरात नको, दुसऱ्याकडे कुलपात ठेवा. पुढच्या भेटीची तारीख तो कागदावर लिहून देतो. रात्री-अपरात्री बोलायचे झाले तर 14416 हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांकही देतो. यातले एकही वाक्य नुसत्या मायेतून सुचत नाही, ते शिकावे लागते.

यावर कोणी म्हणेल, ‘विश्राम’मध्ये तर गावातले साधे कार्यकर्ते होते. होतेच. पण त्यांना शिकवले कोणी? त्यांचे चुकले तर दुरुस्त कोणी केले? गंभीर रुग्ण वेगळा काढून वर कोणी पाठवला? आशाताई जितक्या जास्त हे काम करतील, तितकी त्यांच्यामागे उभी राहणारी प्रशिक्षित माणसे जास्त लागतील. हा युक्तिवाद पदवीच्या विरोधात नाही, बाजूने आहे.

चौथा आक्षेप: बोलायला ठीक, नोकऱ्या कुठे आहेत?

हा सर्वांत वजनदार आक्षेप. कामे कागदावर आहेत ती पाहा: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, तंबाखू नियंत्रण कक्षात समुपदेशक, एचआयव्ही चाचणी केंद्रात समुपदेशक, किशोरवयीनांच्या आरोग्य केंद्रात समुपदेशक, जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशक. बालकल्याण समितीच्या सदस्यत्वासाठी बालमानसशास्त्राची पदवी कायद्यानेच मान्य आहे. व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. पुण्याच्या मुक्तांगणची धुरा मानसशास्त्र शिकलेल्या मुक्ता पुणतांबेकर वाहतात. सैन्यभरतीच्या निवड मंडळांत मानसशास्त्रज्ञ असतात. सेट-नेट देऊन प्राध्यापकी आहे, आणि यूपीएससीला हा वैकल्पिक विषयही आहे.

आता कडू भाग. आरोग्य कार्यक्रमांतली बहुतेक पदे कंत्राटी आहेत, मानधन तुटपुंजे आहे, करार वर्षावर्षाचा आहे. ज्याने लोकांची चिंता ऐकायची, त्यालाच मार्चमध्ये आपला करार वाढेल का याची चिंता. त्यामुळे ‘नोकऱ्या नाहीत’ हे अर्धे खरे. उरलेले अर्धे असे, की 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात देशभर लागू होणारे निर्देश दिले. 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. आपल्या तेरा तालुक्यांतल्या अशा शाळा, महाविद्यालये आणि शिकवणी वर्ग मोजायला बसा. नोकऱ्या नाहीत असे म्हणणाऱ्यांनी आता, त्या भरल्या का जात नाहीत, असे विचारावे.

पाचवे म्हणणे उलट बाजूचे आहे आणि मला ते जास्त घातक वाटते: काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करा आणि समुपदेशक व्हा.

कायदा असे म्हणत नाही. बी.ए.ला मानसशास्त्र असणे ही पहिली पायरी. त्यानंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. हवीच. शाळेत किंवा संस्थेत समुपदेशन करायचे तर त्यासोबत देखरेखीखालचा सराव हवा. ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ म्हणून रुग्ण तपासायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते. जुना दोन वर्षांचा एम.फिल. आता मागे पडतो आहे, नवे अभ्यासक्रम येत आहेत. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः तपासा. 2025 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम चालवण्यास मनाई केली आहे, ती योग्यच आहे. माणूस समोर बसवल्याशिवाय हा विषय येत नाही. अर्धवट शिकलेल्याने भिंतीवर प्रमाणपत्र टांगून रुग्ण घेतला, तर तो भगतापेक्षा वेगळा कसा?

खंडन इथे संपले. आता मांडायचे ते थोडे आहे.

डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस पुंजक्यांनी गळू लागले. पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले, दिल्लीहून पथके आली, बातम्यांतून ‘टक्कल व्हायरस’ गाजला. मुलींनी लाजेने कॉलेज सोडले, कितीकांनी आधीच मुंडण करून घेतले, ठरलेली लग्ने अडली. त्वचेचे निदान प्रयोगशाळेत होते. लाज, अफवा आणि गावावर बसलेला शिक्का यांवर काम करायला मन जाणणारी माणसे लागतात. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस पेटून 25 जण गेले. ते दृश्य ज्यांनी पाहिले, ज्यांनी मृतदेह उतरवले, त्यांच्याही रात्री कोणीतरी विचारायला हव्या होत्या. हे सारे मानसशास्त्राचे काम आहे आणि ते याच जिल्ह्यात पडलेले आहे.

म्हणून महाविद्यालयांना विनंती: प्रात्यक्षिकाच्या वह्यांत आकृत्या काढण्यापुरता हा विषय ठेवू नका. मुलांना जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, पळसखेडला, आश्रमशाळांत, देखरेखीखाली पाठवा. संस्थाचालकांनो, न्यायालयाच्या निर्देशाप्रमाणे समुपदेशक नेमा, आणि तो पात्र आहे का ते पाहूनच नेमा. सरकारने कंत्राटी पदे कायम करावीत. करारावरच्या माणसाकडून आयुष्यभराचा विश्वास बांधून घेता येत नाही.

आणि आईबापांनो, लेकीला हा विषय घ्यायचा असेल तर घेऊ द्या. बी.ए.वर थांबवू नका, पुढची दोन-तीन वर्षे शिकू द्या. मग तिच्यासाठी पद मागायला जिल्हा परिषदेत, ग्रामसभेत, आमदाराच्या दारात तिच्यासोबत तुम्हीही उभे राहा. रस्ता, पाणी, वीज आपण मागूनच मिळवली. हेही मागूनच मिळेल.