उन्हाळी अभ्यासवर्ग कोणासाठी?

परदेशी विद्यार्थ्यांनी शिक्षणासाठी भारतात यावे, ही इच्छा गेल्या काही वर्षांत शासकीय धोरणाचा भाग झाली आहे. २०१८ साली केंद्र शासनाने 'स्टडी इन इंडिया' ही योजना सुरू केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारताला जागतिक अध्ययनकेंद्र बनविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर प्रवेशसंख्येच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत जादा जागा निर्माण करण्यास उच्च शिक्षणसंस्थांना मुभा दिली. पूर्ण पदवीसाठी येणाऱ्यांबरोबरच सुट्टीच्या काळात सहा, आठ किंवा दहा आठवडे येऊन एखादा विषय, विशेषतः भाषा, झपाट्याने शिकून जाणारा विद्यार्थीही या धोरणाच्या नजरेसमोर आहे. अशा सघन उन्हाळी अभ्यासवर्गांचे स्वागत करावे की त्यांना विरोध करावा, असा प्रश्न निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावातील कार्यकर्त्याला पडणे साहजिक आहे. परंतु प्रश्न अशा रीतीने मांडण्यात अर्थ नाही. या वर्गांत शिकवण्याची जी पद्धत सिद्ध झाली आहे तिचा लाभ कोणाला मिळतो, आणि तिच्या खर्चाचा भार कोण उचलतो, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा साठ वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे. १९५७ साली सोव्हिएत रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि आपण ज्ञानाच्या स्पर्धेत मागे पडतो आहोत या भीतीने अमेरिकेने १९५८ साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. या कायद्याने तेथील विद्यापीठांत आशिया-आफ्रिकेच्या भाषा शिकविण्यासाठी सरकारी पैसा उपलब्ध झाला. कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता, हे विसरून चालणार नाही. पुढे १९६१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था स्थापन झाली आणि तिचे भारतातील पहिले ठाणे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पडले. पुणे हे अमेरिकन विद्यार्थ्यांना मराठी शिकविण्याचे केंद्र बनले ते तेव्हापासून. त्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे आपल्या मृगापासून श्रावणापर्यंतच्या दिवसांत, हे वर्ग चालतात.

यासाठी लागणारा पैसा कोठून आला, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९५४ च्या अमेरिकन कायदा क्रमांक ४८०, म्हणजे सर्वपरिचित 'पी.एल. ४८०', अन्वये अमेरिकेने आपला शिलकी गहू भारताला रुपयांत विकला. हे रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साठत गेले. त्यांतून वकिलातीचा खर्च भागे, भारत सरकारला कर्जे दिली जात, आणि काही भाग संशोधन व शिक्षण यांच्याकडे वळविला जाई. भारतात येणाऱ्या अमेरिकन अभ्यासकांच्या शिष्यवृत्त्यांना या रुपयांचा मोठा आधार होता. १९६२ पासून याच निधीतून भारतीय भाषांतील पुस्तके व नियतकालिके, त्यांत मराठीही आली, विकत घेऊन अमेरिकन ग्रंथालयांना पाठविली जाऊ लागली. हे रुपये इतके साचले की फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकन राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती देऊन त्या हिशेबाचा मोठा भाग निकालात काढला. रेशनच्या दुकानासमोर रांग लावून ज्यांनी तो गहू घेतला, त्यांच्याच रुपयांतून मराठी भाषेचे हे परदेशी अध्ययन काही प्रमाणात उभे राहिले. त्या रांगेतल्या माणसाला हे कोणी सांगितले नाही.

एवढ्यावरून हा सारा उद्योग साम्राज्यशाहीचे हत्यार होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते सत्याला धरून होणार नाही. त्या काळात अमेरिकेतून येऊन मराठी शिकलेल्या अभ्यासकांनी महाराष्ट्राला जे दिले ते मोठे आहे. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावरील प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास सादर केला, तेव्हा आपल्याकडील कित्येक विद्यापीठीय पंडितांना तो अभ्यासाचा विषयही वाटत नव्हता. गेल ऑमव्हेट यांनी सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहून १९७३ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या झाल्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ साली कासेगावातच त्यांचे निधन झाले. ॲन फेल्डहाउस यांनी महानुभावांच्या गोविंदप्रभुचरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ साली प्रसिद्ध केला. त्याच रिद्धपुरात महाराष्ट्र शासनाचे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहण्यास त्यानंतर चाळीस वर्षे जावी लागली. सरकारे कोणत्या हेतूने पैसा देतात, आणि भाषा मनापासून शिकलेला माणूस तिचे काय करतो, या दोन गोष्टी एक नसतात. भाषा शिकणारा अखेर ती बोलणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचतो, आणि तेथे त्याच्या निष्ठा बदलू शकतात.

या परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण मॅक्सीन बर्नसन यांचे आहे. १९६१ साली त्या भारतात आल्या आणि हैदराबादच्या विवेकवर्धिनी या मराठी मंडळींच्या संस्थेत त्यांनी शिकविले. पुढे फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर संशोधन करून त्यांनी भाषाशास्त्राची डॉक्टरेट मिळविली. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके आणि व्याकरण सिद्ध केले, आणि पुण्यास येणाऱ्या अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे मराठी शिकविली. परंतु त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. फलटणमधील दलित वस्तीतली मुले शाळेत जाऊनही वाचायला शिकत नाहीत, हे त्यांनी पाहिले आणि आपली सारी विद्या त्यांनी त्या मुलांकडे वळविली. १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. १९८४ साली फलटणला प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली. परदेशी पदवीधराला मराठी शिकविताना जो विचार करावा लागतो, तोच विचार झोपडीतल्या मुलाला मराठी वाचायला शिकविताना करावा लागतो, हे त्यांनी कृतीने दाखविले.

तो विचार कोणता? सघन भाषावर्गात एका शिक्षकामागे मोजके विद्यार्थी असतात. रोज तीन-चार तास शिकविणे होते आणि उरलेल्या वेळी विद्यार्थी ती भाषा बोलणाऱ्या माणसांत वावरतो. पाठ पायरीपायरीने रचलेले असतात. पुढचा पाठ मागच्यावर उभा राहतो. विद्यार्थ्याला ही भाषा येत नाही, हे आरंभीच मान्य केलेले असते आणि न येण्याबद्दल त्याला कोणी हिणवत नाही. चूक ही शिकण्याची खूण मानली जाते. त्याची राहण्या-जेवण्याची चिंता शिष्यवृत्तीने मिटविलेली असते. आठ-दहा आठवड्यांत शिकागोचा तरुण मंडईत भाव करू लागतो, यात चमत्कार काही नाही. त्याच्यासाठी तेवढा शिक्षक, तेवढा वेळ आणि तेवढा पैसा खर्च झालेला असतो.

आता निलंग्याकडे पाहावे. हा सीमेवरचा तालुका. १९५६ पर्यंत तो बिदर जिल्ह्यात होता. येथे मराठीबरोबर कन्नड, दख्खनी उर्दू आणि तांड्यांवरील लमाणी नांदते. परक्या भाषेत शिकण्याचे ओझे काय असते हे या भागाने दोन पिढ्यांपूर्वी भोगले आहे. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची वाट उस्मानिया विद्यापीठाच्या उर्दूतून जात होती. मातृभाषेतून राष्ट्रीय शिक्षण द्यावे म्हणून स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, ती याच पार्श्वभूमीवर. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडला १९९४ पासून उभे आहे आणि निलंग्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी त्याच्याच कक्षेत येतात. परंतु तांड्यावरचे जे मूल सहाव्या वर्षी शाळेत येते त्याला पुस्तकातली मराठी परकीच असते, आणि घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा मुलगा वा मुलगी विज्ञानाच्या वर्गात बसते तेव्हा तेथली इंग्रजी तितकीच परकी असते. या दोघांना भाषा येत नाही हे मात्र आरंभी कोणी मान्य करीत नाही. ती येते असे गृहीत धरून अभ्यासक्रम पुढे जातो आणि परीक्षेत त्यांना मागे टाकतो. पुण्यातल्या परदेशी पाहुण्यासाठी जी काळजी घेतली जाते, ती या देशाच्या नागरिकासाठी घेतली जात नाही.

लातूर जिल्ह्याला सघन शिकवणी ठाऊक नाही असे नाही. उलट 'लातूर पॅटर्न' या नावाने सुट्टीतील जादा तास आणि सततच्या सराव परीक्षा यांची जी शिस्त येथे घडली, ती सबंध राज्यात गाजली. आरंभी ती महाविद्यालयातील शिक्षकांच्या कष्टांवर उभी होती. पुढे तिच्याभोवती खासगी शिकवण्यांची बाजारपेठ उभी राहिली, आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांच्या बाहेरचे शिक्षण तिच्या हिशेबातून गळाले. ज्याच्या बापाला जमीन गहाण टाकून फी भरता येते तो लातूरला खोली घेतो. ज्याला ती येत नाही तो मे महिन्यात पुण्या-हैदराबादकडे मजुरीला जातो आणि पहिला पाऊस पडला की सोयाबीनच्या पेरणीला परततो. त्याच्या सुट्टीची किंमत त्याच्या बुडालेल्या मजुरीएवढी असते. म्हणून नुसता वर्ग फुकट ठेवून भागत नाही. शिकण्याच्या दिवसांचा रोजही द्यावा लागतो. शिष्यवृत्ती म्हणजे हेच, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत हे सर्वांना सहज समजते.

यावर असे सांगितले जाते की, परदेशी विद्यार्थी आले की त्यांच्या फीमधून परकीय चलन येईल, विद्यापीठे सधन होतील आणि तो लाभ हळूहळू खालपर्यंत पोहोचेल. हा झिरपण्याचा सिद्धांत जुनाच आहे. २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार सबंध देशात परदेशी विद्यार्थी होते सुमारे ४७ हजार, आणि त्यांतील चतुर्थांशाहून अधिक एकट्या नेपाळचे होते. परदेशी म्हणजे डॉलर घेऊन येणारा गोरा, हे चित्रच मुळात चुकीचे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येमेनसारख्या देशांतून विद्यार्थी येत राहिले, ते स्वस्त शिक्षणाच्या शोधात. त्यांचे स्वागत बंधुभावाने व्हावे. त्यांच्याकडे मिळकतीचे साधन म्हणून पाहणे हा त्यांचाही अपमान आहे. दुसरे असे की, पंचवीस टक्के जादा जागांना जादा शिक्षक लागतात. राज्यातील महाविद्यालये रिकाम्या पदांवर तासिका तत्त्वावरील शिक्षक नेमून कशीबशी चालविली जात असताना जादा विद्यार्थ्यांना शिकविणार कोण? तासावर मेहनताना घेणाऱ्या त्याच तरुणावर हा भारही पडणार.

तेव्हा मागणी अशी हवी. परदेशी विद्यार्थ्यांचे भाषावर्ग पुण्यापुरते न ठेवता नांदेड विद्यापीठाच्या कक्षेत, निलंगा-उदगीरसारख्या सीमाभागातही भरवावेत. चार भाषा कानावर पडणारे गाव भाषा शिकण्यास पुण्याहून कमी योग्य नाही. मात्र जेवढे पाहुणे, तेवढेच स्थानिक विद्यार्थी त्याच वर्गव्यवस्थेत असावेत. पाहुण्याने सकाळी मराठी शिकावी आणि दुपारी स्थानिक विद्यार्थ्याबरोबर इंग्रजीचा सराव करावा. दोघेही एकमेकांचे शिक्षक. दुसरी मागणी, जे अभ्यासक या भूमीवर संशोधन करतील त्यांनी त्याचा मराठी गोषवारा तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर देशोदेशीचे भूवैज्ञानिक आणि अभियंते येथे आले. त्यांनी लिहिलेले वाचण्याचा पहिला हक्क ज्यांची घरे पडली त्यांचा आहे. तिसरी आणि मुख्य मागणी, घरातील पहिल्या पिढीच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी शासनाने दर मे महिन्यात सहा आठवड्यांचे निवासी सघन वर्ग, विद्यार्थ्यांना निर्वाह भत्ता आणि शिक्षकांना पूर्ण वेतन देऊन, चालवावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यापोटी येणारा निधी चर्चासत्रे आणि गौरवग्रंथ यांवर खर्ची पडण्याऐवजी येथे वळविता येईल.

ज्ञान बाहेरून आत आणि आतून बाहेर असे दोन्हीकडे वाहावे, यात समाजवाद्यांनी कच खाण्याचे कारण नाही. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेल्या डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील काळ्या लोकांचे साहित्य व संस्कृती मराठी वाचकांपुढे मांडली, तेव्हा मराठवाड्याने जगाचा अभ्यास केलाच होता. दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण समान असावी, एवढाच आग्रह आहे.

शासन हे आपणहून करील अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. येत्या सुट्टीपूर्वी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावी आणि तांड्यावर जाऊन घरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांची यादी करावी, त्यांतील किती जण सुट्टीत मजुरीला जातात हे नोंदवावे, आणि ती यादी घेऊन महाविद्यालयांच्या व विद्यापीठाच्या दारात जावे. निवेदनाला पोच देऊन मोकळे होता येते. समोर उभ्या असलेल्या दोनशे मुलामुलींना तसे टाळता येत नाही.