खड्डे खणण्याआधी

आज ५ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. १२ तारखेला सलीम अली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात सरकारी पातळीवर पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. शाळाशाळांतून चित्रं काढली जातील, तलावांच्या काठी दुर्बिणी लागतील, भिगवणला रोहित उतरले का याची चौकशी सुरू होईल. चितमपल्लींची नोकरी वनखात्यात, त्यातली मोठी वर्षं नवेगावबांध-नागझिऱ्याकडची. त्यांच्यामुळे मराठी वाचकाला जे जंगल कळलं ते साग-बांबूचं आणि तळ्याकाठचं. पण माणूस मूळचा सोलापूरचा. १९३२ साली तिथेच जन्मले आणि १८ जून २०२५ रोजी तिथेच गेले. तेव्हा त्यांच्या आठवड्यात पुण्याहून सोलापूर रस्ता धरला आणि दौंड तालुक्यातच थांबलो, तर ते वावगं होऊ नये.

यवत, चौफुला, वरवंड, पाटस ही गावं सगळ्यांच्या परिचयाची; निदान मिसळ-चहापुरती तरी. रस्त्याच्या भीमेकडच्या अंगाला कालव्याचं पाणी आणि ऊस. दक्षिणेला मात्र जिराईत गावं आणि उघडेबोडके माळ. तुकोबांची पालखी पाटस सोडून रोटी घाट चढते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. त्या फोटोंच्या मागे जे दिसतं तेच हे रान. आषाढात ते नुकतं हिरवं होत असतं. आता कार्तिकात गवत वाळून पिवळं पडलंय, तरवडाला अजून थोडी फुलं आहेत आणि चार पावलं चाललं की विजार कुसळांनी भरते. हिवर, बोर, बाभूळ, मध्येच एखादा निंब, एवढीच झाडं, तीही लांब लांब. पहिल्यांदा जाणारा हमखास विचारतो, जंगल कुठाय?

त्याला बाभळीपाशी उभं करावं. काट्यावर एक नाकतोडा टोचलेला असतो, अर्धा खाल्लेला. हे काम खाटकाचं. चिमणीपेक्षा जरासा मोठा हा पक्षी शिकार काट्याला अडकवून फाडतो आणि उरलेलं नंतरसाठी तसंच ठेवतो. नाकतोडे इतके कशाला, तर गवत आहे म्हणून. आणि त्याच नाकतोड्यांवर भोवत्याही जगतात. हे शिकारी पक्षी मध्य आशियातून हिवाळ्यापुरते इथे येतात, दिवसभर गवतावरून हातभर उंचीने तरंगत फिरतात आणि रात्री झाडावर न बसता गवतात, जमिनीवरच उतरतात. यवतवरून भुलेश्वरला जाताना आकाशाकडे लक्ष ठेवणाऱ्यांना ते चांगले ठाऊक आहेत. टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी ही मंडळी तर अंडीही जमिनीवरच घालतात. इथे झाड वाढवणं म्हणजे त्यांच्या घरट्यावर शिकारी पक्ष्याला बसायला जागा करून देणं.

चौफुल्यावरून मोरगावकडे वळलं की वाटेत बारामती तालुक्यातलं सुपे लागतं. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. ताडोबातला एक वाघही एवढ्यात मावणार नाही. चिंकारा मात्र इथे आहे. सकाळी लवकर, गाडीचं इंजिन बंद करून, गप्प बसलं तर दिसतो: मातीच्याच रंगाचा, काळी आखूड शेपटी सारखी हलवणारा. संशय आला की पाय आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज काढून पळतो. पाण्यावाचून बराच काळ काढू शकणारा प्राणी आहे. त्याला हवी असते ती लांबवर दिसणारी मोकळी जागा. झाडोऱ्यात तो आंधळा होतो म्हणा ना.

लांडग्याचंही तसंच. या टापूत लांडगा आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखून आहेत. मेंढरू गेलं की धनगर चार शिव्या हासडतो, वाघूर आणखी घट्ट बांधतो आणि पुढच्या मुक्कामाला लागतो. दिवाळीनंतर मेंढरं कोकणाच्या दिशेने निघतात, तोवरचा हा संसार. लांडग्याला खरा धोका आज माणसाच्या उकिरड्यांवर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांचा आहे. ती चिंकाऱ्याच्या पाडसांमागे लागतात आणि लांडग्यांत मिसळतात. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये सिद्ध झालं. बंदुकीशिवायही एक जात संपवता येते, ती अशी.

भीमा ओलांडून शिरूरकडे गेलं की चित्र फिरतं. मोराची चिंचोली सगळ्यांना माहीत आहे. शिक्रापूरवरून आत जावं, चिंचेची जुनी झाडं, शेतात दाणे टिपणारे मोर. पीक थोडं खाल्लं तर खाऊ द्या म्हणणाऱ्या शेतकऱ्यांमुळेच ते टिकलेत. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे, पण चिंचोलीच्या मोरांचं भलं त्या किताबाने झालेलं नाही. पक्षी सप्ताहात जाणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं: पावसाळा सरता सरता पिसारा गळून पडतो. या दिवसांत दिसेल तो बांडा मोर. पैसे वाया गेले अशी तक्रार यजमानापाशी करू नये.

याच शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसर आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्याने तिथे तीन बळी घेतले. दोन लहान मुलं आणि एक वृद्धा. लोकांनी महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटली आणि पक्षी सप्ताहाच्या अगदी तोंडावर बिबट्याला गोळी घातली गेली. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला सहजीवनावर व्याख्यान देण्याचा अधिकार शहरातल्या कुणालाही नाही. पण बिबट्या राहतो कुठे, हे विचारायला हवं. घोड आणि कुकडीच्या काठचा ऊस दहा-बारा महिने उभा असतो; आडोसा, पाणी, कुत्री, रानडुकरं सगळं जागेवर. माद्या उसातच वितात. गाळप सुरू झालं की तोडणीवाल्या बायकांना फडात पिल्लं सापडतात आणि ती आईजवळ परत नेऊन ठेवायला रात्र जागवावी लागते.

म्हणजे दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत मिळून गंमत अशी की सरकारी नकाशात जे शेत आहे, त्यात सगळ्यात दाट रान आहे. आणि जे खरं जुनं रान, ते कागदोपत्री पडीक. पडीक म्हटलं की त्यावर काहीही करायला मोकळीक. कुणाला तिथे कारखाना दिसतो, कुणाला सौर पॅनेल, आणि सगळ्यात सज्जन माणसाला झाडं दिसतात. राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य धरलं होतं. आकडा एवढा मोठा ठेवला की सलग मोकळी जागा शोधावी लागते, आणि ती माळावर मिळते. सलग समतल चर खणले जातात, गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहतात. गिरिपुष्प हे परदेशातून आलेलं झाड; त्याच्या रांगांखाली गवत उरत नाही. माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला, त्याच्या मागे इतर कारणांबरोबर माळ तुटत जाणं हेही होतंच.

वनखात्याला हे कळत नाही असं नाही. इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला याच खात्याने गवताळ सफारी सुरू केली आहे, गावातल्या पोरांना वाटाडे म्हणून काम मिळालंय. गोष्ट चांगली आहे. फक्त चिंकाऱ्यामागे गाडी घालू नका, ड्रोन आणि स्पीकर घरी ठेवा आणि घरट्याचा फोटो ठिकाणासकट टाकू नका, हे वाटाड्याने सांगितलं तर पाहुण्याने ऐकायला हवं.

पुढचा वनमहोत्सव जुलैत. त्यासाठीचे खड्डे उन्हाळ्यात खणले जातात आणि जागा त्याच्याही आधी ठरतात. दौंडच्या जिराईत पट्ट्यातली कुठली जमीन त्यासाठीच्या यादीत आहे, हे ग्रामसभेत विचारता येतं आणि त्या जमिनीवर आज कोणते पक्षी आहेत याची नोंद लिहून देता येते. आठवडा त्यासाठी पुरेसा आहे. झाडं लावायचीच तर गावठाणात, ओढ्याकाठी, बांधावर जागा भरपूर आहे. चिंचोलीत चिंचा अशाच लागल्या असतील.