सळई कुठे खाली, कुठे वर?



मारुंजीच्या आमच्या वस्तीत दर शनिवारी संध्याकाळी सहावी ते आठवीच्या मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. १५ जून २०२५ च्या रविवारी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पुढच्या शनिवारी वर्गात दुसरा विषयच नव्हता. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, आम्ही मे महिन्यात तिथं गेलो होतो. मधोमध उभं राहून पूल हलवून बघत होतो. मजा वाटत होती."

वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. रागवायचे तरी कोणाला? पूल कशाच्या जोरावर उभा असतो, हे त्या पोराला कोणी सांगितलेच नव्हते. मग धडा बाजूला ठेवला आणि चार शनिवार आम्ही पूलच शिकवला. घरी कोणालाही करता येईल, म्हणून ते इथे सांगतो.

पहिल्या दिवशी दोन विटा थोड्या अंतरावर ठेवून वर वहीचा कागद टाकला. एक रुपयाही त्याला पेलवेना. मग तोच कागद पंख्यासारख्या घड्या घालून ठेवला, तर नाण्यांची रास बसली. कागद तोच, वजन तेच; आकार बदलला आणि बळ वाढले. लाकडी पट्टी आडवी ठेवून दाबली की वाकते, कडेवर उभी धरली की वाकत नाही, हेही मुलांनी करून पाहिले. पुलाच्या तुळया उंच का असतात, ते न सांगताच कळले.

नंतर पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन केला. बोटाने ढकलताच तो कलंडला. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी पट्टी लावली, तेव्हा तो हलेना. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले होते. त्रिकोणाच्या बाजू लहान-मोठ्या झाल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. रेल्वेचा लोखंडी पूल, क्रेन, मोबाईलचा टॉवर, सगळीकडे त्रिकोणच का दिसतात, याचे उत्तर हेच. घरी जाताना मुले त्रिकोणच मोजत गेली.

तिसऱ्या शनिवारी भांडी घासायचा जाड स्पंज आणला. त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला ब्लेडने बारीक चिरा पाडल्या, स्पंज दोन विटांवर ठेवला आणि मधोमध दाबला. वरच्या चिरा मिटल्या, खालच्या उघडल्या. म्हणजे वाकणाऱ्या तुळईचे वरचे अंग दाबले जाते आणि खालचे ताणले जाते. पुलाचे निम्मे शास्त्र या दोन शब्दांत आहे: दाब आणि ताण.

कुंडमळ्याला जाऊन आलेल्या त्या मुलाचे वडील त्याला न्यायला आले होते आणि दारात उभे राहून पाहत होते. हिंजवडीकडच्या इमारतींवर ते वीस वर्षे सळई बांधतात. आम्ही म्हटले, "दादा, आत या. स्लॅबची मुख्य सळई कुठे असते?" ते म्हणाले, "खाली. पण पुढं आलेल्या छज्जाला वर. चुकून खाली बांधली तर छज्जा पडतो." "का?" ते हसले. "मिस्त्रीनं सांगितलं तसं बांधत आलो. का ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही."

तेव्हा त्यांच्या मुलाने स्पंज उचलला. एक टोक विटेखाली दाबून धरले आणि मोकळे टोक खाली दाबले. आता चिरा वरच्या अंगाला उघडल्या! "पप्पा, काँक्रीट दाब सोसतं, पण ताणानं तडकतं. ताण सळई घेते. स्लॅबमध्ये ताण खाली, छज्जात वर. म्हणून." बाप बराच वेळ त्या स्पंजाकडे पाहत राहिला. मग त्याने तो मागून घेतला आणि स्वतः दाबून पाहिला.

चौथ्या दिवशी गर्दीचे गणित केले. खडूने जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट आखली. आठ मुले दाटीवाटीने मावली. किराणा दुकानाच्या काट्यावर एकेकाचे वजन केले. बेरीज झाली २९० किलो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांविषयीच्या नियमांत माणसांच्या वाटेवर दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात, आणि गावाजवळ किंवा जत्रा-यात्रेच्या ठिकाणी ५०० किलो. मुलांना हा आकडा आता आपला वाटला.

मग फळ्यावर एक पूल धरला: ५० मीटर लांब, दीड मीटर रुंद. अंतर ठेवून दहा माणसे चालली तर भार ६०० किलो. पण सगळा पूल फोटो काढणाऱ्यांनी भरला, चौरस मीटरला पाच माणसे, प्रत्येकी ६० किलो, तर साडेबावीस हजार किलो! त्यात मोटारसायकली घातल्या तर आणखी. आणि हा हिशेब नव्या लोखंडाचा. ८ मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर गंजली की तिचे चौथाई लोखंड गेले. पूल दिसतो तसाच, पण बळ तेवढे राहत नाही.

पुलाला वरून माणसांचा भार येतो, तसा खालून पाण्याचाही धोका असतो. पुराचे पाणी खांबाभोवतीची माती खरवडून नेते. चवदार तळ्याच्या महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात वाहून गेला, दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह गेल्या. अंधारात पूल नाही हे चालकांना दिसलेच नाही. म्हणून नदी चढली की जुन्या पुलावर जायचे नाही, हे मुलांनी वहीत लिहून घेतले.

पालकांना आमचे सांगणे थोडेच आहे. पावसाळ्यात मुले फिरायला निघाली की त्यांना एवढे बजावा: अरुंद पुलावर थांबायचे नाही, पूल हलवायचा नाही, गर्दी दिसली तर काठावरच थांबायचे, आणि "धोकादायक" असा फलक दिसला की मागे फिरायचे. आपल्या गावच्या पुलाचे लोखंड सोलवटलेले, कठडा सुटलेला किंवा खांबाखाली खड्डा पडलेला दिसला तर नुसती चर्चा करू नका. चार सह्यांचा लेखी अर्ज द्या, त्यावर तारखेसह पोच घ्या, महिन्याने पुन्हा विचारा. पोच असली की विचारणे सोपे जाते.

आणखी एक. आपल्यातल्या कितीतरी माणसांच्या हातांनी या भागातले पूल आणि इमारती उभ्या राहिल्या. सळई त्यांनी बांधली, नकाशा दुसऱ्याने काढला. सळई वर का आणि खाली का, हे सातवीत कळलेले मूल उद्या तो नकाशा काढायलाही बसेल. त्यासाठी लागते काय? दोन विटा, एक स्पंज, आणि "का?" विचारले तर न रागावणारा बाप.

तो मुलगा आता पुलावर आला की पायाखाली पाहतो. त्याचे वडील कधीमधी शनिवारी कामावरून थेट वर्गात येतात आणि मागे बसतात.