लायटीचे व्याकरण

सातारा-सांगलीकडच्या ग्रामीण कथेतील इंग्रजी शब्दांकडे मराठी समीक्षा आजवर वातावरणनिर्मितीची सामग्री म्हणूनच पाहत आली. मूळ शब्द तेवढा शुद्ध आणि त्याचे गावातले रूप हा अपभ्रंश, हे गृहीतक या दृष्टीमागे आहे. ते तपासण्यास ‘लाइट’ हा एक शब्द पुरेसा आहे.

पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय बोलण्यात ‘लाइट गेले’ असे अनेकवचन ऐकू येते. माण-खटाव, आटपाडी, तासगावकडे ‘लाइट गेली’. पहिल्या प्रयोगामागे ‘दिवे’ हा शब्द उभा आहे, दुसऱ्यामागे ‘वीज’. भर दुपारी विहिरीवरची मोटर बंद पडते तेव्हा एकही दिवा विझलेला नसतो, गेलेला असतो तो पुरवठा. (‘मोटर’चेही तसेच: शहरातली मोटार रस्त्यावर धावते, शेतातली मोटर पाणी उपसते.) अशा वाक्यात ‘गेली’चे ‘गेले’ करणारा संपादक शुद्धलेखन साधत नाही, अर्थ बदलतो.

सामान्यरूपाच्या बाबतीत तर हा पक्षपात उघडच दिसतो. ‘जमीन’चे ‘जमिनीचा’ होते, तसे ‘लाइट’चे ‘लायटीचा’. लायटीचा खांब, लायटीचे बिल. हे रूप मराठी व्याकरणाला धरूनच आहे. इंग्रजी शब्दांना असा विकार होणे प्रमाणलेखनाला अमान्य आहे म्हणावे, तर ‘मोटारीत’, ‘पेन्सिलीने’, ‘तिकिटाचे’ ही रूपे विनातक्रार छापली जातात. मग ‘लायटीचा’ तेवढा गावंढळ का? याचे उत्तर व्याकरणात नाही. ते रूप कोणाच्या तोंडी रुळले, यात आहे. सावरकर किंवा माधव जूलियन यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचा भर शब्दाच्या कुळावर होता. तो वाक्यात कसा नांदतो, हा प्रश्न मागेच राहिला.

ग्रामीण साहित्यानेही तो सोडवला नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत आहेत, तेथे निवेदक शाळामास्तर असल्याने ही वाटणी समर्थनीय ठरते. पुढे मात्र तिचा विधी झाला. पात्राने ‘लायटीचा खांब’ म्हणायचे आणि निवेदकाने लगेच ‘विजेचा खांब’ लिहून हात धुवायचे!

या रूपांना भ्रष्ट ठरवणाऱ्या समीक्षेचा स्वतःचा व्यवहार काय आहे? एकाच लेखात ‘हा डिस्कोर्स’ आणि ‘हे डिस्कोर्स’ सुखाने नांदतात. सामान्यरूपाची वेळ आली की ‘डिस्कोर्समध्ये’ म्हणून सुटका करून घेतली जाते. ‘डिस्कोर्सात’ असे लिहिण्यास कोणी धजत नाही.